घाटमाथ्यावरचं पाणी शोधत: साम्रद ते हरिश्चंद्रगड

टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा सरकारी नकाशा, वापरणाऱ्यांचा एक अनुभव असतो. आपल्याला जायचं असतं ती जागा नेमकी कागदाच्या कडेला येते. रतनगडाच्या बाबतीत तर हे शब्दशः खरं आहे. गड जवळजवळ 19 अंश 30 मिनिटं उत्तर अक्षांशावर बसलाय आणि सर्व्हे ऑफ इंडियाची 47 ई/10 आणि 47 ई/11 ही दोन शीटं बरोबर त्याच रेषेवर एकमेकींना चिकटतात. पूर्वेला थोडं सरकलं की 73 अंश 45 मिनिटांची उभी रेघ लागते आणि पलीकडे 47 ई/14 आणि 47 ई/15 सुरू होतात. म्हणजे कळसूबाई एका कागदावर, हरिश्चंद्रगड दुसऱ्यावर, आणि मधला सगळा मुलूख चार कागदांच्या कोपऱ्यांत वाटलेला. आम्ही चारही कोपरे छापून, मार्जिन कापून एकत्र चिकटवले. घरातल्यांनी त्याला गोधडी म्हणायला सुरुवात केली.

काम साधं होतं. घाटमाथ्याच्या धारेने चालत जायचं आणि फेब्रुवारी संपता संपता कुठे पाणी आहे नि कुठे नाही हे नोंदवून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येते अशा खुल्या नकाशावर टाकायचं. वाटांचे जीपीएस ट्रॅक आता बक्कळ मिळतात. पाण्याची माहिती मात्र अजूनही "टाक्यात पाणी असते" एवढ्यावरच थांबलेली. कधी असते? पिण्याजोगं असतं का? गाव त्यावर अवलंबून आहे का? हे कुणी लिहीत नाही.

गुरुवार. शेंडी, घाटघर, साम्रद

घोटी सोडून बारीवरून शेंडीला उतरलो आणि जीपने भंडारदऱ्याच्या जलाशयाला उजवी-डावी वळसे घालत घाटघर गाठलं. विल्सन धरणाचं काम 1910 मध्ये सुरू झालं आणि 1926 मध्ये संपलं, त्यामुळे हा जलाशय जुन्यातल्या जुन्या शीटवरही निळा दिसतो. घाटघरचं तसं नाही. माझ्याकडच्या जुन्या शीटवर तिथे नुसतं पठार आणि दोन-चार काळे ओहळ आहेत. प्रत्यक्षात समोर धरण. उदंचन जलविद्युत प्रकल्पाचं वरचं तळं हे, प्रवरेच्या खोऱ्यातलं. खालचं तळं कड्याखाली चोंढ्याला, शहापूर तालुक्यात. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी बोगद्यातून कोकणात सोडायचं आणि त्यावर 125 मेगावॅटची दोन जनित्रं फिरवायची. मागणी उतरली की तेच पाणी पंपाने परत घाटावर चढवायचं. नदीने लाखो वर्षांत ठरवलेली पाणलोटाची रेषा इथे रोज ओलांडली जाते, तीही दोन्ही दिशांनी. हे कुठल्या रंगाने दाखवणार?

रंगांचं आत्ताच सांगून ठेवतो, पुढे सारखं लागेल. 1:50,000 च्या शीटवर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. तपकिरी रेषा कंटूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, दर वीस मीटर चढाला एक. हिरवं ते जंगल, पिवळी ती शेती, लाल ते रस्ते आणि वस्त्या. ज्या ओढ्यानाल्याला पाणी आहे तो निळा, कोरडा असेल तो काळा. सह्याद्रीचं कुठलंही शीट उघडा, काळ्या रेघांचं जाळंच दिसेल. जुलैत याच काळ्या रेघांवरून पलीकडे जाता येत नाही.

साम्रदला मुक्काम. ज्या घरी उतरलो तिथल्या मावशींनी भाकरी, पिठलं आणि काळभात वाढला. अकोल्याकडचा हा तांदूळ शहरात ऐटीत विकला जातो, इथे तो रोजचा. जेवताना मावशींना विचारलं, उन्हाळ्यात पाणी कुठून आणता? त्या म्हणाल्या, "आता हाय हिरीला. होळीच्या नंतर मंग बघायचं." विहिरीच्या नोंदीपुढे मी "होळीपर्यंत" असं लिहिलं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये होळी हा पर्याय नाही, त्यामुळे पुढे "मार्चपर्यंत" केलं. होळी दरवर्षी सरकते, पण विहीरही सरकतेच की.

शुक्रवार. सांदण आणि त्र्यंबक दरवाजा

सकाळी लवकर सांदणमध्ये शिरलो, म्हणजे गर्दीच्या आधी. सुट्टीच्या दिवसांत इथे दोरावरून उतरायला रांग लागते आणि प्लास्टिकच्या बाटल्या कपारीत अडकून बसतात, त्यावर लिहायला बसलो तर पाण्याचं राहून जाईल.

सांदण म्हणजे बेसाल्टच्या पठाराला पडलेली चीर. दोन्हीकडे दोनशेहून अधिक फूट सरळ भिंती आणि काही ठिकाणी रुंदी एवढीच की हात पसरले की दोन्ही भिंतींना लागावेत. आता हिशोब करा. शीटवरचा एक मिलीमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. दोन मीटर रुंदीची भेग दाखवायला रेघ किती बारीक हवी? मिलीमीटरचा पंचविसावा भाग. अशी रेघ छापता येत नाही. म्हणून मोजणीवाल्याने इथे काही केलंच नाही असं नाही, त्याने एक काळा ओहळ काढलाय आणि दोन्ही बाजूंच्या कंटूर जरा आत ओढल्यात. एवढ्यावरून खाली काय आहे हे कुणालाही कळणार नाही.

उपग्रहांचंही तेच. फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने जगाचा बराचसा भाग मोजला. मोबाइलवरच्या बहुतेक फुकट कंटूर त्याच आकड्यांवरून काढलेल्या असतात. त्यात उंचीचा एक आकडा तीस मीटरच्या चौकोनाला. तीस मीटरच्या चौकोनात सांदणची चीर आणि तिच्या दोन्ही काठांची सरासरी होऊन जाते आणि नकाशावर एक सौम्य घळ उमटते. कडेही असेच बोथट होतात. सह्याद्रीत मोबाइलवरच्या कंटूर पाहून "इथून उतरता येईल" असं ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आत जीपीएसने पार हात टेकले. आकाशाची एक पट्टी दिसते, त्यात दोन-तीन उपग्रह, आणि बाकीचे संकेत भिंतींवर आपटून येतात. ट्रॅक पाहिला तर आम्ही कातळातून आरपार चालल्यासारखे दिसत होतो. तो फेकून दिला आणि पावलं मोजून, कंपासने दिशा घेऊन कच्चा आराखडा काढला. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक शून्याच्या आसपास असल्याने कंपासचं काम सोपं जातं, फक्त लोहयुक्त खडकाला तो फार चिकटवून धरायचा नाही.

पहिल्या पाणसाठ्यात मांडीपर्यंत पाणी होतं, दुसऱ्यात कमरेच्या वर. दोन्ही ठिकाणचं थिजलेलं, हिरवट. नोंद: पाणी आहे, प्यायचं नाही. हे पाणी पावसाळ्यात पश्चिमेला कोकणात कोसळतं आणि शेवटी उल्हासच्या खोऱ्यात जातं. साम्रदच्या दुसऱ्या अंगाला पडलेला पाऊस मात्र भंडारदऱ्यात.

दुपारी साम्रदहून बाण सुळक्याच्या दिशेने निघून खुट्टा सुळक्याला वळसा मारला आणि त्र्यंबक दरवाजाने रतनगड चढलो. ही कातळात खोदलेली वाट, पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच. गडावर टाकी भरपूर आहेत, सगळी पिण्याजोगी नाहीत. प्रत्येक टाक्यापाशी थांबून फोटो, खोली, वास आणि चव अशा चार नोंदी केल्या. चव घेण्याचं काम आमच्यातल्या सगळ्यात धाकट्याकडे होतं.

शनिवार. नेढं, कात्राबाईची खिंड, कुमशेत

सूर्य वर यायच्या आत नेढ्यात जाऊन बसलो. कड्याला आरपार पडलेलं हे भोक टोपोशीटवर नाही आणि असूही शकत नाही. कंटूरच्या नकाशात एका जागेला एकच उंची असते. नेढ्यात तळ एका उंचीवर, मग हवा, मग वर पुन्हा दगड. कागदाला हे झेपत नाही.

गडाची उंची 1,297 मीटर धरतात. आमच्यातल्या एकाच्या फोनवर त्याहून साठेक मीटर कमी आकडा दिसत होता आणि त्यावरून वाद जुंपला. फोन खोटं बोलत नव्हता. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, आणि हिंदी महासागराच्या परिसरात गुरुत्व कमी असल्याने समुद्राची खरी पातळी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. आपल्या पट्ट्यात हा फरक साठ मीटरच्या घरातला. काही ॲप ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. त्यामुळे दोघं एकाच दगडावर बसून दोन उंच्या सांगू शकतात.

आडवा फरकही असाच. जुनी शीटं सर्व्हेच्या जॉर्ज एव्हरेस्टने 1830 मध्ये ठरवलेल्या लंबगोलावर बेतलेली, जीपीएस वेगळ्या. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे जीपीएसमध्ये भरले तर या भागात शंभर मीटरच्या आगेमागे चूक येते. सपाट मुलखात शंभर मीटर म्हणजे पुढचा बांध. इथे शंभर मीटर म्हणजे कड्याचा माथा की पायथा. 2005 च्या नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी निघालेल्या मालिकेत हा घोळ उरला नाही, आणि ती शीटं आता सर्व्हेच्या पोर्टलवरून घरबसल्या उतरवता येतात. तरी जुनं शीट मी सोडत नाही, त्याच्यावरचं कड्यांचं रेखाटन बघत बसावंसं वाटतं. मोजणीची ही सगळी परंपरा 1802 मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन या मोजणी अधिकाऱ्याने आखलेल्या पायारेषेपासूनची, म्हणजे पुढची मोजणी जिच्यावर उभी राहते त्या पहिल्या रेघेपासूनची. तो गेला तो आपल्याकडे, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, 1823 मध्ये, मोजणी करत नागपूरकडे जाताना.

गणेश दरवाजाने खाली आलो, शिड्या उतरलो आणि दाट झाडीत शिरलो. इथे एक फाटा रतनवाडीला जातो, अमृतेश्वराच्या देवळाकडे, आणि दुसरा कात्राबाईच्या खिंडीकडे. आमच्याबरोबर साम्रदचेच एक मामा होते. ते फाट्यापाशी थांबून म्हणाले, "पानी भरून घ्या. पुढं खिंडीवर काय न्हाय." शीटवर फाट्याच्या अलीकडचा ओढा काळा आहे आणि पलीकडची एक रेघ निळी. आम्ही निळी बघायला गेलो. कोरडी ठणठणीत, नुसते गोटे. काळ्या ओढ्यात मात्र एका मोठ्या दगडाच्या बुडाशी, पानं बाजूला सारली तर, बोटभर धारेने पाणी झिरपत होतं. मामांनी करवंटीने गाळ उपसला, दहा मिनिटं थांबायला लावलं आणि मग बाटल्या भरून दिल्या. नितळ आणि गार.

मोजणीदाराला दोष देण्यात अर्थ नाही. तो ज्या महिन्यात आला असेल त्या महिन्यात निळं निळं असेल. नकाशावर वर्ष छापतात, महिना छापत नाहीत. या डोंगरात तोच महत्त्वाचा. बेसाल्टचे थर एकावर एक बसलेत, मधल्या भुसभुशीत लाल पट्ट्यातून नि भेगांतून पाणी आडवं सरकतं आणि थर जिथे कड्यात उघडा पडतो तिथे पाझरतं. म्हणून डोंगरउताराच्या पाण्याच्या जागा अनेकदा एकाच उंचीवर सापडतात. मामांना थर वगैरे माहीत नव्हते, पण "या पदरानं आडवं गेलं की पानी लागतंयच" हे माहीत होतं. आम्ही कंटूर धरून त्या पदराने गेलो आणि अजून दोन जागी ओल मिळाली, एके ठिकाणी गव्हाएवढ्या बेडकांसह.

खिंडीचा चढ घामटं काढतो. वर कात्राबाईचा शेंदूर लावलेला तांदळा आहे. मामांनी चप्पल काढली, आम्ही बूट. माथ्यावर उभं राहून गोधडी पसरली आणि पाण्याच्या रेघांवर बोट फिरवलं. मागची उत्तरेकडची प्रत्येक घळ प्रवरेची. पुढची, दक्षिणेची, मुळेची. एकाच खिंडीच्या दोन अंगांनी निघालेल्या या नद्या, एक भंडारदरा, संगमनेर करत जाते, दुसरी कोतूळ, राहुरी करत, आणि नेवासे तालुक्यात पुन्हा एकमेकींना मिळतात. तिथून प्रवरासंगमला गोदावरी. बंगालच्या उपसागरापर्यंत पुढे केवढा प्रवास आणि सुरुवात इथे कारवीच्या वाळक्या काटक्यांत.

उतारावर अग्निबाण सुळका डावी-उजवीकडे होत राहिला. कुमशेतला पोचेस्तोवर दिवेलागण झाली.

रविवार. कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई

चालायला लांब आणि सांगायला थोडा असा दिवस. उघडं माळरान, ऊन, मधूनच हिरड्याची झाडं. मुळेचं पात्र ओलांडलं, डोहांत पाणी होतं, मध्ये कोरडं. शीटवर इथे रेघ निळी आहे, आम्ही ती "डोहांपुरती" अशी दुरुस्त केली.

कुमशेतमध्ये सकाळी एक बराच वेळ चाललेली चर्चा मात्र लिहिली पाहिजे. गावाच्या पश्चिमेला कड्यावरून कोकणात डेहण्याकडे उतरणाऱ्या वाटा आहेत, गुयरीचं दार आणि पाथरा घाट. आजोबाचा डोंगर तिथे समोर ठाकलेला. पूर्वी या नाळांतून, म्हणजे कड्यातल्या अरुंद उभ्या घळींतून, माणसं बाजाराला, लग्नाला जायची. आता गाडीरस्ते झाले आणि नाळांत घसारा वाढला. आमच्याकडे एका दाराचा स्वच्छ ट्रॅक होता आणि तो नकाशावर टाकावा असं आमच्यातल्या दोघांचं म्हणणं. मी विरोधात होतो. ट्रॅक नकाशावर गेला की स्क्रीनवर ती एक ठिपक्यांची रेघ होते, गावाशेजारच्या पायवाटेसारखीच. बघणाऱ्याला तिथे दोराची गरज आहे, पावसात ती वाट नव्हे तर धबधबा असतो, हे रेघ सांगत नाही. निळा ठिपका बघत बघत माणूस नाळेत उतरतो आणि मधल्या कातळटप्प्यावर ना वर ना खाली असा अडकतो. मग अंधारात शोधायला जातात ती याच गावातली पोरं, झोप मोडून.

समोरच्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. वाट लिहिली नाही तर दहा-वीस वर्षांत ती ठाऊक असणारी माणसंच उरणार नाहीत. शेवटी दाराचं तोंड नेमक्या जागी नोंदवलं, नाव लिहिलं, आणि नाळेतली रेघ काढली नाही. ज्याला जायचंय त्याने कुमशेतला येऊन माणूस सोबत घ्यावा, त्याला चार पैसे द्यावेत. यावर आमचं आजही एकमत नाही.

पेठेच्या वाडीला एका अंगणात ताक मिळालं. संध्याकाळी पाचनई.

सोमवार. हरिश्चंद्रगड

पाचनईची वाट सोपी, कातळाच्या भिंतीखालून आडवी मारत वर जाते. शेजारून मंगळगंगा. पावसाळ्यात ती या भिंतींवरून धबधब्यांनी उतरते, आत्ता कातळातल्या रांजणखळग्यांत साचून राहिली होती. केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कायम कमरेइतकं पाणी असतं, तेही तेवढंच होतं. देवळाच्या आवारातल्या टाक्यांचं पाणी थंडगार. दुकानवाल्या मावशी म्हणाल्या की मे महिन्यातही ते आटत नाही. त्यांच्या सगळ्या चहाचा भार त्यावर आहे, म्हणजे माहिती खात्रीची.

तारामतीचा माथा चौदाशे मीटरच्या वर. तिथे पोचल्यावर मी बाकीच्यांना बळेच उभं केलं आणि तीन दिशा दाखवल्या. उत्तरेला पडलेला थेंब मंगळगंगेतून मुळेला, म्हणजे गोदावरीला. दक्षिणेला, खिरेश्वरच्या अंगाला पडलेला, पिंपळगाव जोगे धरणातून कुकडी, घोड, भीमा करत कृष्णेला. आणि पश्चिमेला पडलेला काळू नदीतून उल्हासला, वसईच्या खाडीत. गोदावरी, कृष्णा आणि अरबी समुद्र, तिघांचा सांधा या डोंगरावर आहे. अहिल्यानगर, पुणे, ठाणे या जिल्ह्यांच्या हद्दीही इथेच एकत्र येतात आणि त्या बऱ्याच ठिकाणी पाणलोटाच्या रेषेनेच जातात. हद्द आखणाऱ्यांनी सोपा मार्ग काढला: पाणी जिकडे जाईल तिकडे. शीटवर एवढं सगळं एका नखाखाली मावतं. मला विचाराल तर गडावर येणाऱ्या प्रत्येकाला कोकणकड्याआधी हे दाखवायला हवं, पण लोक सूर्यास्त गाठायच्या घाईत असतात.

आम्हीही गेलोच कोकणकड्याला. पोटावर झोपून खाली पाहिलं. हा कडा नुसता उभा नाही, तो आत वळलेला आहे. वरच्या काठावरून सोडलेला दगड मधल्या भिंतीला लागत नाही. उभा भाग चारशे मीटर धरला तरी वीस कंटूर एकाच रेघेत चिणाव्या लागतात, आणि आतल्या बाकामुळे खालच्या कंटूर खरं तर वरच्यांच्या पाठीमागे जायला हव्यात. कंटूर एकमेकींना ओलांडत नाहीत हा शाळेत शिकवलेला नियम इथे मोडतो. शीटवर त्या जागी रेषा सोडून सरळ कड्याची चित्रखूण काढलीय, दगडी फटकाऱ्यांची. ज्याने ती काढली त्याने मान वळवून हा बाक नीट बघितला असणार, कारण अर्धगोलाचा आकार हुबेहूब उतरलाय.

पाचनईला उतरून गाडीची वाट बघताना नोंदी एकत्र केल्या. कात्राबाईच्या अलीकडची निळी रेघ हंगामी केली, शेजारच्या काळ्या ओढ्यावर झऱ्याची खूण घातली आणि पुढे "फेब्रुवारी अखेर पाणी आहे, गाळ उपसून थांबावे लागते" असं लिहिलं. रतनगडाच्या टाक्यांपैकी पिण्याजोगी वेगळी दाखवली. साम्रदची विहीर मात्र नकाशावर टाकलीच नाही. मावशींच्या घरासाठी ती मार्चपर्यंत पुरते, रविवारच्या साठ पाहुण्यांनी बाटल्या भरायला सुरुवात केली तर फेब्रुवारीतच संपेल. आमच्यातल्या धाकट्याला हे पटलं नाही. माहिती लपवायची असेल तर मग मोजायला आलो कशाला, असं तो गाडीत बसल्यावरही विचारत होता. राजूरच्या फाट्यापर्यंत वाद चालला, मग त्याला झोप लागली.